कावेरीताईंचं पाणी

"मांजराला आत घ्या की, मावशी. पार गारठलंय."

"तुमीच घेऊन बघा," बंगल्यातलं घरकाम बघणाऱ्या अनसामावशी म्हणाल्या.

मी छत्री मिटली, फाटकाच्या भिंतीवर अंग चोरून बसलेल्या मांजराला उचललं आणि बंगल्याच्या पायऱ्या चढलो. उंबऱ्यापर्यंत ते माझ्या हातावर गुपचूप होतं. दार उघडलं मात्र, त्यानं सगळी नखं माझ्या दंडात रुतवली, खाली उडी घेतली आणि धुक्यात दिसेनासं झालं.

"बघितलंत?" मावशी पदरानं कपाळ दाबत म्हणाल्या. "बाईंच्या गादीवर झोपणारं मांजर हाय ते. आता उंबरा म्हणून वलांडत न्हाई. मुक्या जनावराला कळतंय, हणमंतभाऊ. आपल्यालाच कळंना."

"काय कळतंय?"

त्यांनी आत बघितलं आणि आवाज उतरवला. "पाण्यात कुणीतरी हाय."

मी तेव्हा वाईला राहायचो. पाचगणी-महाबळेश्वरकडच्या बंगल्यांचे आणि हॉटेलांचे पोहण्याचे तलाव सांभाळायचं काम होतं माझ्याकडे. पाणी तपासायचं, गाळण्या धुवायच्या, पाणी गरम करणारे हीटर नीट ठेवायचे. पावसाळा तोंडावर आला की हीटर बंद करून त्यातलं पाणी काढायचं आणि दिवाळीच्या सुमाराला परत सुरू करायचे. या कामात भुताखेतांना जागा नव्हती. मावशींच्या बोलण्याला मी हसलो असेन, नक्की आठवत नाही. दंडावर नखांच्या जागी रक्त आलं होतं, ते पुसत आत गेलो.

बंगला सबनीस भगिनींचा. दोघीही तिथल्याच मुलींच्या निवासी शाळेत शिकवायच्या. थोरल्या शरयूबाई खेळ आणि पोहणं शिकवायच्या, धाकट्या कावेरीताई विज्ञान. लग्न दोघींनीही केलं नाही. निवृत्तीनंतर कावेरीताईंना संधिवातानं धरलं. जमिनीवर त्यांना काठीशिवाय पाऊल टाकवत नसे, पण गरम पाण्यात उतरल्या की मासोळीसारख्या फिरायच्या. म्हणून शरयूबाईंनी दिवाणखान्याला लागून छोटा तलाव बांधला, वर छप्पर घातलं, काचेच्या खिडक्या बसवल्या आणि मागच्या बाजूच्या चिंचोळ्या खोलीत गॅसवर चालणारा हीटर लावला. तलाव बांधून झाल्यापासून तो माझ्याकडेच होता.

फाल्गुनात कावेरीताई गेल्या. झोपेतच गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा शरयूबाईंच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. ज्येष्ठात नेहमीप्रमाणे हीटर बंद करायला कधी येऊ म्हणून फोन केला, तर म्हणाल्या, "यंदा बंद करायचा नाही. मी पुण्याला जाणार नाही. तू येऊ नकोस." दर पावसाळ्यात दोघी पुण्याला भाच्याकडे जायच्या. म्हटलं, दुःखात माणसाला कुठं जावंसं वाटत नाही. आणि मग आषाढात त्यांचाच फोन आला. "पाणी कोमटच राहतंय, हणमंत. दिवसभर हीटर चालतो आणि पाणी कोमट. असं चालणार नाही. ये."

दिवाणखान्यात दुपारीच दिवे लावले होते. खिडक्या बंद. बाहेरून घराभोवती गवताच्या झड्या बांधलेल्या. आमच्याकडचा पाऊस भिंती फोडून आत येतो, म्हणून पावसाळ्याआधी कुलमाच्या गवताचे जाड पडदे घराला चौफेर बांधतात, त्या झड्या. त्यांच्यामुळे आत कायम संध्याकाळ असते.

शरयूबाईंना बघून मी चरकलो. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाई मला आजारी, खंगलेल्या दिसतील असं वाटलं होतं. पण त्यांचे गाल एखाद्या तरुणीसारखे गुलाबी होते, ओठ लाल. आणि त्यांचे पांढरेशुभ्र केस हिरवट झाले होते. शेवाळ धरल्यासारखे.

"काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "म्हातारी बरी दिसते ना? रोज पोहते मी."

"एकट्याच?"

त्या नुसत्या हसल्या. "आधी पाणी बघ," म्हणाल्या.

तलावापाशी गेलो. पाणी निवळशंख होतं, पण पायऱ्यांवर आणि कडेच्या फरशीवर निळसर हिरवे डाग उठले होते. नळीत पाणी घेतलं, तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. रंग बघून मला कळेना, आपलं औषध जुनं झालंय की काय. दुसऱ्यांदा बघितलं. तेच. पाणी कमालीचं आंबट, म्हणजे आम्लधर्मी झालं होतं.

"बाई, या पाण्यात सोडा कोण टाकतं?"

"कसला सोडा? क्लोरीनच्या गोळ्या अनसा टाकते."

"गोळ्यांनी पाणी स्वच्छ राहतं, पण आंबट होत जातं. आपलं इथलं पाणी आधीच मऊ. मोजून सोडा टाकला नाही तर ते तांबं खायला लागतं. हीटरच्या आत सगळ्या तांब्याच्या नळ्या आहेत. हे डाग तांब्याचे. तुमच्या केसांचा रंगही त्यानंच."

बाईंनी केसांवरून हात फिरवला. "ते सगळं कावेरी बघायची," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी नळी घेऊन बसायची. मी थट्टा करायची, तुझी शाळा सुटली तरी प्रयोग सुटेना." मग माझ्याकडे वळून सहजपणे म्हणाल्या, "आता काही बघत नाही ती. नुसती पोहते."

मी नळी खाली ठेवली.

हीटरचे पाइप ज्या भोकातून आत येत होते तिथं पिवळा उजेड लवलवत होता. मी तिकडे बघत राहिलो. त्या उजेडात काहीतरी चुकीचं आहे असं वाटलं, पण काय ते डोक्यात येईना. डोकं एव्हाना जड झालं होतं, कानशिलं ठणकत होती. घाटातलं धुकं लागलं असेल, म्हटलं.

"हीटर उघडून बघायला हवा," मी म्हणालो. "पण मागच्या दाराला झडी बांधलीय. ती कापावी लागेल."

"कापशील मग. आधी चहा घे."

चहा घेताना बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. मावशी स्वयंपाकघरात होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. घरात चौथं माणूस नव्हतं. हे मी इतक्या ठासून सांगतोय, कारण त्याच वेळी तलावातून हात मारल्याचा आवाज आला. छप्. मग थोडं थांबून, छप्. कुणीतरी सावकाश, सवयीनं पोहत होतं.

माझी कपबशी हातात तशीच राहिली. बाई शांतपणे माझं तोंड बघत होत्या.

"तुलाही ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. आनंदानं त्यांचा आवाज थरथरला. "अनसा खोटं बोलते. म्हणते, मला काही ऐकू येत नाही. पण तुला येतंय."

"कोण आहे, बाई?"

"जाऊन बघ ना."

मी उठलो. पाय आपले नसल्यासारखे वाटत होते. मधलं दार उघडंच होतं. तलावावर वाफ तरंगत होती आणि तिच्या खालून, तळाच्या फरशीला जवळजवळ लागून, एक बाई पोहत येत होती. हात लांब करून, पाय जुळवून. मला तिची पाठ दिसत होती, पोहण्याचा गडद पोशाख दिसत होता. ती माझ्या बाजूच्या कडेपर्यंत आली, वळली आणि परत गेली. श्वास घ्यायला डोकं वर काढलं नाही. पुन्हा आली, पुन्हा वळली. मी तिच्या श्वासाची वाट बघत होतो आणि माझाच श्वास कोंडत होता. एकदा तरी वर ये, बाई, असं मी मनात म्हणत होतो. आणि ती आलीच वर तर, या विचारानं माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

मी मागं सरलो. बाईंकडे न बघता, बॅग तिथंच टाकून, भिंत धरत धरत बाहेर पडलो. पायऱ्यांवर उलटी झाली. फाटकापर्यंत कसाबसा गेलो आणि भिंतीला टेकून भिजत बसलो. परत आत जायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. बॅग गेली तरी चालेल.

मांजर पुन्हा तिथंच येऊन बसलं होतं.

गार वारं होतं. मी जोरजोरात श्वास घेत होतो. हळूहळू कानशिलांतली ठणक कमी झाली. हातापायांना मुंग्या आल्या आणि ते पुन्हा माझे झाले. अनसामावशी माझ्यामागं धावत आल्या होत्या, माझ्याशेजारी उभ्या राहून त्याही धापा टाकत होत्या.

"तुमाला बी डोकं धरलं न्हवं?" त्या म्हणाल्या. "माझं तर रोज धरतंय. गावाकडं गेले की मोकळं. हितं आले की फिरून धरतंय. मी म्हणते ना, घर धरतंय आपल्याला."

"गावाकडं गेलं की थांबतं?"

"वाटंतच थांबतंय. घाट उतरायच्या आत."

मी मांजराकडे बघितलं. मग बंगल्याच्या मागच्या बाजूकडे. हीटरचा धूर बाहेर टाकणारी नळी तिकडच्याच भिंतीतून, वळचणीखालून निघते. दर पावसाळ्यात झडी तिच्यावरूनच बांधतात. कधीच काही बिघडलं नव्हतं, कारण दर पावसाळ्यात हीटर बंद असायचा आणि घरही. यंदा हीटर रात्रंदिवस चालू होता आणि त्याच्या तोंडावर गवताचा भिजलेला जाड पडदा बांधलेला होता. आणि तो पिवळा उजेड! गॅसची ज्योत निळी असते. पिवळी झाली म्हणजे गॅस नीट जळत नाही. नीट न जळलेल्या गॅसचा धूर दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो माणसाला झोपवतो.

"मावशी, बाई कुठायत?"

"पोहायला उतरल्या असतील. ही त्यांची येळ."

मी धावलो. गॅसच्या टाक्या बाहेर पडवीत होत्या, त्यांचे कॉक आधी बंद केले. मावशींना ओरडून सांगितलं, कोयता घ्या आणि मागची झडी कापा, सगळी कापा. मग छाती भरून श्वास घेतला आणि आत शिरलो.

बाई तलावात होत्या. मधोमध, पालथ्या, हात पसरून. त्यांचे हिरवे केस तोंडाभोवती मोकळे झाले होते. क्षणभर मला कळेना की ही खरी की मघाची. खरं सांगतो, तेवढ्या एका क्षणात मी उडी मारायला कचरलो. मग त्यांचा हात हलला, अगदी जरासा, कुणाचा तरी हात हातात धरल्यासारखा. मी कपड्यांनिशी पाण्यात पडलो.

त्यांना कडेला आणलं, पण वर चढवता येईना. माझाच दम संपत आला होता. तेवढ्यात मागून काच फुटली, गार वाऱ्याचा झोत आला आणि पाठोपाठ कोयता टाकून मावशी आल्या. आम्ही दोघांनी ओढत ओढत बाईंना अंगणात पावसात आणून निजवलं. मावशी त्यांचे पाय चोळत होत्या, मोठमोठ्यानं देवीचं नाव घेत होत्या. मी पाठ दाबली. तोंडातून पाणी आलं. मग खोकल्याची उबळ आली. डोळे न उघडताच बाई म्हणाल्या, "सोड मला. ती पुढं गेली."

दवाखान्यात डॉक्टरांनी बाईंना नाकातोंडाला प्राणवायू लावून ठेवलं. आम्हा दोघांनाही लावला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही त्या निभावल्या नसत्या. अशा धुरात माणसाला नसलेले आवाज येतात, नसलेली माणसं दिसतात. ज्याच्या मनात जे असतं ते दिसतं, किंवा जे कुणी सांगितलेलं असतं ते. मी पाण्यातल्या बाईबद्दल त्यांना सांगितलं नाही.

उघडीप मिळाली तसा मी हीटर उघडला. तांब्याच्या नळ्या आंबट पाण्यानं आतून खाऊन पार कागदासारख्या झाल्या होत्या. एका ठिकाणी भोक पडून पाणी थेंब थेंब ज्योतीवर ठिबकत होतं, म्हणून ती पिवळी झाली होती. वर सगळीकडे काजळी धरली होती, म्हणून पाणी तापत नव्हतं. कावेरीताई असत्या तर पाणी आंबट झालं नसतं, हीटर फुटला नसता. त्या नव्हत्या म्हणूनच ते सगळं झालं होतं, आणि ते झालं म्हणूनच त्या येत होत्या.

श्रावण लागला तेव्हा नव्या नळ्या घेऊन मी बंगल्यावर गेलो. मागच्या झड्या निघाल्या होत्या, सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. मांजर बाईंच्या पायाशी झोपलं होतं. बाईंच्या गालांचा गुलाबी रंग गेला होता. त्या आता सत्तरीतल्या दिसत होत्या.

"तो धूर," त्या म्हणाल्या. मी खोकं उघडत होतो. "थोडा ठेवता येईल का, हणमंत?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अगदी थोडा. मरण्याइतका नाही. तुला मापं कळतात. पाण्यात किती काय घालायचं ते कळतं, तसं हेही कळत असेल."

"बाई..."

"मला वेडी समजू नकोस. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला समजलंय. ती खरी नव्हती. चालेल मला. ती विशीतली होती, ठाऊक आहे? पाय दुखायच्या आधीची. मी दवाखान्यातून आल्यापासून रोज तिथं जाऊन बसते. पाणी नुसतं पडलेलं असतं."

त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती. नाही म्हणायचं होतं, पण त्या चेहऱ्याकडे बघून तो शब्द तोंडातून निघेना.

बोलल्या त्या अनसामावशी. दारात उभ्या राहून त्या सगळं ऐकत होत्या.

"माझा बी येत हुता, बाई."

बाईंनी मान वळवली. "कोण?"

"पोरगं माझं. पाळण्यातच गेलेलं. तुमाला कधी बोलले न्हाई. कोठीच्या खोलीत तांदूळ काढाया गेले की त्याचं रडणं यायचं. रोज. मी मुद्दाम जायची, तांदूळ लागत नसला तरी जायची. तिथंच बसून ऱ्हायची." त्यांनी पदर तोंडाला लावला, मग काढला. "आता न्हाई येत."

"मग तुला नको वाटतो का तो?"

"नको कसा वाटंल? पर त्यो रडतच हुता, बाई. इतक्या वर्सांनी आला आन् नुसता रडतच हुता. मी उचलाया गेले की हाताला काय लागायचं न्हाई. आता गप हाय. कुठं का असंना, गप हाय."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. बराच वेळ बाई मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"माझीही थांबत नव्हती कधी," शेवटी त्या म्हणाल्या. "मी हाक मारायची. ती वळायचीच नाही. श्वाससुद्धा घ्यायची नाही."

मी पाहिलेल्या बाईनंही श्वास घेतला नव्हता. मी खाली बघून खोक्यातल्या नळ्या मोजल्यासारखं केलं. तेव्हा बोललो नाही, नंतरही कधी बोललो नाही.

"हणमंत, हीटर बसवू नकोस," बाई उठत म्हणाल्या. "गरम पाणी तिला लागायचं. मला कधीच आवडलं नाही. सगळा जन्म मी गार पाण्यात पोहले."

"अवो, श्रावणाचं पाणी हाय, बाई, काकडून जाल!" मावशी मागं धावल्या. पण बाईंनी ऐकलं नाही. थोड्या वेळानं त्या पोहण्याचा पोशाख घालून आल्या, कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या आणि छातीइतक्या पाण्यात गेल्यावर त्यांच्या तोंडून एकदम 'हाऽ' असा आवाज निघाला. मग त्यांनी पाण्यात झोकून दिलं. मी त्यांना पोहताना तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. हात मारताना प्रत्येक वेळी त्यांचं तोंड पाण्याबाहेर येत होतं आणि त्यांचा श्वास मोठ्यानं, घोगरा, साऱ्या खोलीत ऐकू येत होता.

एक फेरी करून त्या कडेला आल्या. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. मी हात दिला, मावशींनी पंचा टाकला आणि रागावून त्यांची पाठ खसाखसा चोळायला सुरुवात केली.

"हे काय वय हाय का बाई असलं करायचं? काय म्हनावं तुमाला?"

बाईंना बोलायला वेळ लागला. थंडीनं शब्द तुटत होते.

"कावेरी असती ना," त्या म्हणाल्या, "तर तीही मला अशीच ओरडली असती."

आणि मग, फाल्गुनापासून पहिल्यांदाच, त्या रडायला लागल्या.